धर्माच्या गायीचे दात

एका लहान सामाजिक संस्थेच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या खालच्या कप्प्यात सहा लॅपटॉप एकावर एक रचून ठेवलेले होते. एका मोठ्या कार्यालयाने ते देणगी म्हणून दिले होते. हस्तांतराचा छोटासा समारंभ झाला होता, त्याचा फोटो वार्षिक अहवालात छापून आला होता. मी एकेक करून ते टेबलावर घेतले. दोन सुरूच होईनात. एकाची बॅटरी फुगून तळाचं झाकण वर आलं होतं. चौथा सुरू झाला, पण तो जुन्या मालकाच्या कार्यालयाचा पासवर्ड मागत होता, आणि तो पासवर्ड ठाऊक असलेला माणूस तिथली नोकरी सोडून गेला होता. उरलेले दोन ठीक चालत होते. त्यांवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं नियमित पाठबळ, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या, संपलं, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप त्या यंत्रांत नव्हती. म्हणजे सहापैकी दोन, तेही फारसे दिवस न उरलेले. संस्थेच्या सचिव ताई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही तेव्हा विचारलं नाही. फुकट मिळत होते ना."

धर्माची गाय, दात का नाही? दान मिळालेल्या गायीचं तोंड उघडून पाहू नये, हा या म्हणीतला शिष्टाचार. लहान संस्थांनी तो फारच मनावर घेतला आहे. तंत्रज्ञानाच्या बाबतीत माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. दात आधी मोजावेत, आणि तोंड उघडून दाखवायची जबाबदारी देणाऱ्याचीही असावी. कारण यंत्र किंवा सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी त्याचा चारा, गोठा आणि राखण फुकट नसते, आणि लहान संस्थेकडे नेमकी राखण करणाऱ्याचीच वानवा असते.

मदत मिळतच नाही, अशी तक्रार मी करणार नाही, कारण ती खरी नाही. उलट इतकी मिळते की गोंधळायला होतं. गूगल पात्र संस्थांना ईमेल आणि कागदपत्रांची सेवा विनामूल्य देतं, शिवाय शोधाच्या पानावर महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट दाखवू देतं. सेल्सफोर्स आपल्या देणगीदार-नोंदणीच्या प्रणालीचे पहिले दहा परवाने मोफत देतं. कॅन्व्हा पोस्टर आणि अहवाल सजवायला मोफत. क्लाउडफ्लेअर २०१४ पासून, ज्यांच्यावर हल्ले होण्याची शक्यता आहे अशा लोकहिताच्या संकेतस्थळांना फुकट संरक्षण देतं. टेकसूपसारखी मध्यस्थ संस्था नोंदणीची कागदपत्रं एकदा तपासते आणि अनेक कंपन्यांच्या सवलतींचं दार उघडून देते. शोधणाऱ्याला हे सगळं एका दुपारी सापडतं.

टेकसूपचा उगम मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डॅनियल बेन-होरिन यांनी ती सुरू केली तेव्हा तिचं नाव कॉम्प्युमेंटॉर होतं, आणि काम होतं संगणक कळणारी माणसं आणि संगणकापुढे अडलेल्या संस्था यांची गाठ घालून देण्याचं. आधी माणूस, सॉफ्टवेअरचे खोके नंतर. तेव्हाचा तो क्रम मला आजही बरोबर वाटतो. दरम्यानच्या काळात खोके वाटणं फार सोपं झालं, कारण सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत द्यायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. माणसाचा तास मात्र १९८७ मध्ये जितका लांब होता तितकाच आजही आहे.

घोडं पेंड खातं ते इथे. जाहिरातींच्या त्या १०,००० डॉलरचंच उदाहरण घ्या. आकडा ऐकून विश्वस्तांचे डोळे विस्फारतात. प्रत्यक्षात ते पैसे हातात येत नाहीत, शोधाच्या पानावर मजकुराच्या जाहिराती दाखवण्यापुरतेच वापरता येतात. त्यातही अट अशी की जाहिरात पाहणाऱ्यांपैकी किमान पाच टक्के लोकांनी ती उघडली पाहिजे. सलग दोन महिने प्रमाण त्याखाली गेलं तर खातं बंद पडू शकतं. मग कोणीतरी दर आठवड्याला शोधशब्द बघायचे, निरुपयोगी काढायचे, नवे घालायचे, आणि जाहिरातीवरून आलेला माणूस ज्या पानावर उतरतो ते पान धड आहे की नाही हेही तपासायचं. हे 'कोणीतरी' म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं. हिशेब लिहिणारी, पावत्या फाडणारी, फोन घेणारी, बैठकीचं इतिवृत्त लिहिणारी तीच एक व्यक्ती. तिच्या डोक्यावर आणखी एक मोफत गोष्ट ठेवली जाते.

म्हणून मला कोणी विचारलं की अमुक साधन स्वस्त आहे का, तर मी किंमत विचारत नाही. महिन्याला किती तास खाईल, आणि कोणाचे, एवढंच विचारतो. पैसे घेणारं पण आपलं आपण चालणारं साधन, फुकट पण रोज उठून हट्ट करणाऱ्या साधनापेक्षा स्वस्त पडतं. विश्वस्तांना हे पटवणं अवघड जातं, कारण पैसे वहीत दिसतात आणि तास दिसत नाहीत.

फुकटाचा दुसरा दोष असा की ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. मायक्रोसॉफ्ट बरीच वर्षं पात्र संस्थांना बिझनेस प्रीमियम या योजनेचे दहापर्यंत परवाने मोफत देत असे. १ जुलै २०२५ पासून, ज्याच्या त्याच्या नूतनीकरणाच्या तारखेला, ते देणं बंद झालं. मोफत उरली ती बेसिक योजना, जिच्यात वर्ड आणि एक्सेल संगणकावर उतरवून घेता येत नाहीत, ब्राउझरमध्येच वापरावे लागतात. प्रीमियमवर मोठी सवलत आहे, पण सवलत म्हणजे मोफत नव्हे. कंपनीने विश्वासघात केला असं मी म्हणणार नाही, दान हे दानच असतं. पण ज्या संस्थेने पाच वर्षांची सगळी घडी त्या दहा परवान्यांवर बसवली होती, तिच्या अंदाजपत्रकात त्याबद्दल एक ओळही नव्हती. जे फुकट मिळतं त्याची बाजारातली किंमत अंदाजपत्रकात लिहून ठेवावी आणि समोर 'देणगीरूपाने' असं म्हणावं, ही सवय लावली तर निदान धक्का तरी बसत नाही.

आता वेबसाइटची गोष्ट, कारण ती मी अगदी जवळून पाहिली आहे आणि थोड्याफार फरकाने किती तरी संस्थांकडून ऐकली आहे. एका उत्साही विद्यार्थ्याने संस्थेची वेबसाइट फुकट करून दिली. चांगली केली होती, रंगसंगती नेटकी, फोटो मोठे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं, कारण त्या दिवशी तेच सोपं होतं. होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवली जाते त्या जागेचं, खातं त्याच्या मित्राच्या नावावर, कारण तिथे जागा शिल्लक होती. दोन वर्षांनी मुलगा शिकायला दुसऱ्या देशात गेला. फोन नंबर बदलला. कॉलेजने दिलेला तो ईमेल पत्ता त्याची पदवी झाल्यावर बंद झाला, आणि डोमेनच्या नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पत्त्यावर इमानेइतबारे जात राहिल्या.

एका सकाळी वेबसाइट उघडेना. डोमेनची मुदत संपली तरी ते लगेच दुसऱ्याला मिळत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. विक्रेत्याकडून सहसा काही दिवसांची सूट असते, त्यानंतर .ऑर्ग किंवा .कॉमसारख्या नावांना तीस दिवसांचा सोडवून घेण्याचा काळ असतो, दंड भरून. आम्हाला कळलं तेव्हा त्या तीस दिवसांतले अकरा उरले होते. त्या अकरा दिवसांत मी आणि ताईंनी जे केलं त्याला तांत्रिक काम म्हणणं धाडसाचं होईल. मुलाच्या जुन्या वर्गमित्रांना फोन केले, त्याच्या मावशीचा नंबर मिळवला, वेळेचा फरक मोजून रात्री जागलो. तो सापडला, बिचारा फार ओशाळला, आणि नाव सुटलं. ते सुटलं नसतं तर छापलेल्या प्रत्येक पावतीवरचा, प्रत्येक पत्रकावरचा पत्ता तिसऱ्याच कोणाच्या दुकानात उघडला असता.

त्या मुलाचा यात काडीचाही दोष नाही. त्याने जे येत होतं ते दिलं. दोष देणगी स्वीकारण्याच्या रीतीत होता. संस्थेने जमीन घेतली असती तर सातदा कागद पाहिले असते, कोणाच्या नावावर आहे ते विचारलं असतं. डोमेन हीसुद्धा मालमत्ताच आहे, आणि ती एका विद्यार्थ्याच्या खिशात राहिली. आता त्या संस्थेत नियम आहे. प्रत्येक खातं पदाच्या ईमेलवर उघडायचं, म्हणजे सचिव किंवा खजिनदार या नावाच्या पत्त्यावर, व्यक्तीच्या नव्हे. ओटीपी येणारा फोन संस्थेचा. पासवर्ड एका पासवर्ड-तिजोरीत, आणि त्या तिजोरीची किल्ली दोन विश्वस्तांकडे. मालमत्तेच्या नोंदवहीत टेबल-खुर्च्यांच्या खाली डोमेनचं नाव आणि मुदतीची तारीख लिहिलेली असते. खजिनदारांना आधी हे हास्यास्पद वाटलं होतं. 'खुर्ची दिसते तरी,' असं ते म्हणाले होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मी स्वयंसेवकांच्या विरोधात आहे. मी स्वतःच एक आहे, तेव्हा ते जरा अवघडच. पण स्वयंसेवकाला कोणतं काम द्यावं याचा विचार आपण करत नाही. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असं काम त्याला द्यावं: जुन्या नोंदी नव्या तक्त्यात आणणं, कार्यकर्त्यांना दोन दुपार शिकवणं, कुठली प्रणाली घ्यावी यावर सल्ला, पासवर्डांची झाडाझडती. ज्याला शेवट नाही ते काम, म्हणजे चालू ठेवणं, ते पगारी माणसाचं किंवा मोबदला घेणाऱ्या व्यावसायिकाचं. आपण बरोबर उलटं करतो. सांभाळण्याचं काम स्वयंसेवकावर टाकतो आणि पैसे मिळालेच तर ते नव्या, चकचकीत ॲपवर खर्च करतो. स्वयंसेवकाला नोकरी लागते, मूल होतं, कंटाळा येतो. या तिन्ही गोष्टींचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

मोफत सॉफ्टवेअरचा एक प्रकार मात्र वेगळा काढायला हवा. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दाने मोठा घोटाळा केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केली, आणि फ्री म्हणजे विनामूल्य नव्हे, स्वतंत्र, हे त्यांना आयुष्यभर सांगत राहावं लागलं. मराठीला ही अडचण नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं लिब्रेऑफिस मुक्त आहे, सिव्हीसीआरएम ही देणगीदार आणि सभासदांच्या नोंदींची प्रणाली मुक्त आहे. ती २००५ पासून अशाच संस्थांसाठी घडवली जाते आहे. मुक्त म्हणजे उद्या कोणी ठरवलं म्हणून आपल्याकडची प्रत कुलूपबंद होत नाही, आणि आपल्या नोंदी आपल्या हातात राहतात. दानाच्या गायीपेक्षा ही गावकीची विहीर आहे. पण विहिरीचं पाणी घरापर्यंत आणावं लागतंच. सिव्हीसीआरएम बसवायला, वेळोवेळी अद्ययावत ठेवायला जाणकार लागतो, आणि तो जाणकार मोफत नसतो. मुक्त सॉफ्टवेअरचे काही कट्टर भक्त हे सांगायचं टाळतात, त्यामुळे संस्था एकदा पोळते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. परवान्याचे वाचलेले पैसे सांभाळणाऱ्याला द्यायचे, असं ठरवूनच त्या वाटेला जावं. जिथे खरंच काही सांभाळावं लागत नाही तिथे तर फुकटचं घ्यायला विचार करत बसू नये. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं विनामूल्य देतं, आणि होस्टिंग नीट असेल तर ती आपोआप नव्याने लागतात. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर का, ते विचारावं.

आणि कधी कधी काहीच घेऊ नये. दोनशे देणगीदार असलेल्या संस्थेला एक नीट आखलेला एक्सेलचा तक्ता पुरतो. नीट आखलेला म्हणजे एका रकान्यात एकच गोष्ट, तारखा एकाच पद्धतीने, आणि फाइल एकच. 'देणगीदार_अंतिम', 'देणगीदार_अंतिम_नवीन' आणि 'देणगीदार_खरंच_अंतिम' अशा तीन फाइली मी एकाच फोल्डरमध्ये पाहिल्या आहेत, आणि ताजी त्यांतली एकही नव्हती. ती खजिनदारांच्या पेनड्राइव्हवर होती. ही गडबड महागड्या प्रणालीने सुटत नाही, ती प्रणालीत जाऊन बसते. एका संस्थेने मोफत परवाने मिळाले म्हणून मोठी प्रणाली घेतली आणि ती आपल्या कामाला बेतून घेण्यासाठी सल्लागाराला जे दिलं ते तिच्या वर्षभराच्या छपाईखर्चापेक्षा जास्त होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आधी वहीत शिस्त येऊ द्यावी. आणि कुठल्याही प्रणालीत शिरण्याआधी बाहेर कसं पडायचं ते पाहून ठेवावं. सगळ्या नोंदी साध्या सीएसव्ही, म्हणजे तक्त्याच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या, फाइलमध्ये बाहेर काढता येतात का, हे पहिल्याच दिवशी करून बघावं. अभिमन्यूला आत जाणं येत होतं.

इथवर मी संस्थेच्या सोयीबद्दल बोललो. पण ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचं काय? लहान संस्थेच्या त्या तक्त्यात मारहाणीतून सुटून आलेल्या बाईचा पत्ता असतो, व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलाचं नाव असतं, कोणाचा आजार असतो. २०२० मध्ये ब्लॅकबॉड या अमेरिकी कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. देणगीदारांच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर विकणारी ही मोठी कंपनी. तिच्या १३,००० हून अधिक ग्राहकांच्या, म्हणजे धर्मादाय संस्था, विद्यापीठं, रुग्णालयं यांच्या नोंदींना धक्का लागला. कंपनीने खंडणी भरली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी ४ कोटी ९५ लाख डॉलरवर तडजोड केली. ही झाली पैसे घेऊन सांभाळणाऱ्याची कथा. मग पेनड्राइव्हवर आणि उघड्या लिंकवर ठेवणाऱ्याची काय असेल? आमच्याकडे कोणाला रस असणार, असं संस्था म्हणतात. हल्ला करणारा नाव पाहून येत नाही, तो उघडं दार पाहून येतो. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारं कुलूप, लावायला एक दुपार पुरते आणि पैसे लागत नाहीत. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियमही जवळजवळ फुकटच पाळता येतो. हल्ली फुकटच्या एआय चॅटमध्ये लाभार्थ्याची सबंध कहाणी नावासकट चिकटवून 'अहवाल लिहून दे' म्हणणारे कार्यकर्ते भेटतात. वेळ वाचतो, कबूल. पण ती कहाणी आपली नसते, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली असते.

मग हे सांभाळणाऱ्याचे पैसे कोणी द्यायचे? मला वाटतं, खरा सार्वजनिक प्रश्न हाच आहे, आणि तो तंत्रज्ञानाचा नाहीच. तो देणगीदाराच्या मनातल्या एका जुन्या समजुतीचा आहे: माझा पैसा थेट गरजवंताला जावा, 'आस्थापना खर्चा'त नको. ऐकायला उदात्त. परिणाम असा की संस्था तो खर्च दाबते, अहवालात कमी दाखवते, ते पाहून देणगीदाराची अपेक्षा आणखी खाली जाते, आणि संस्था आणखी दाबते. २००९ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी या फेऱ्याला उपासमारीचं चक्र म्हटलं होतं. २०१३ मध्ये तर गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या तीन संस्थांच्या प्रमुखांनीच देणगीदारांना उघड पत्र लिहिलं, की आस्थापना खर्चाच्या टक्क्यांवरून संस्था जोखू नका. मोजपट्टी विकणाऱ्यांनीच मोजपट्टीवर विसंबू नका म्हणावं, यापेक्षा वेगळा कबुलीजबाब कोणता हवा? तरी टक्क्यांचा प्रश्न प्रत्येक अर्जात अजून आहेच.

आस्थापना खर्च वाढवून मजा मारणाऱ्या संस्था नसतात असं नाही. असतात, आणि देणगीदाराचा संशय हवेतून आलेला नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत बसून काम करणारी संस्था पासवर्ड-तिजोरीवर उधळपट्टी करील ही भीती मला गंभीरपणे घेता येत नाही. जो देणगीदार संगणक देतो त्याने त्या संगणकाच्या तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे सोबत द्यावेत. नसतील तर संगणक देऊ नये. जो ॲप बनवायला निधी देतो त्याने ते ॲप चौथ्या वर्षी कोण चालवणार हे अर्जातच विचारावं आणि उत्तराचा खर्च उचलावा. समारंभात फोटो येणार नाही, हे खरं. देखभालीचा फोटो काढता येत नाही.

दुसरी अर्धी जबाबदारी संस्थांची आहे. दहा लहान संस्थांपैकी एकीलाही पूर्ण वेळ तंत्रज्ञ परवडत नाही, पण दहा जणींना मिळून एक परवडतो. ही कल्पना माझी नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत 'सर्किट रायडर' नावाने हे तंत्रज्ञ फिरत असत. नाव घेतलं होतं घोड्यावर बसून वस्त्यावस्त्यांत जाणाऱ्या पूर्वीच्या धर्मप्रचारकांवरून. एक माणूस, अनेक संस्था, ठरलेली फेरी. तो संगणक दुरुस्त करी, पण त्याहून मोलाचं म्हणजे एका संस्थेत पाहिलेली युक्ती दुसरीत सांगे. पुढे ब्रिटनमध्येही ते झालं. आज घोड्याची आणि मोटारीचीही गरज नाही, निम्मं काम दुरून होतं. तरी असे गट कमीच दिसतात. कारण पैशाचं नाही, मानाचं आहे. आपल्या कपाटातल्या तीन 'अंतिम' फाइली शेजारच्या संस्थेच्या माणसाने पाहाव्यात हे कोणाला आवडतं? शिवाय एकाच देणगीदाराच्या दारात दोघी उभ्या असतात. त्या स्पर्धेबद्दल सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी.

पण एकत्र आल्यावर काय होतं याचा दाखला याच क्षेत्रात आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये .ऑर्गने संपणाऱ्या सगळ्या नावांची नोंदणी सांभाळणारी संस्था ईथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला ११३ कोटी ५० लाख डॉलरना विकण्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी जूनमध्ये .ऑर्गच्या दरवाढीवरची जुनी मर्यादाही उठली होती. एक कोटीहून जास्त नावं, त्यांत मोठा भरणा बिननफ्याच्या संस्थांचा. त्यांतल्या बहुतेकींना डोमेन कोण सांभाळतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल. तरी शेकडो संस्था उभ्या राहिल्या, पत्रं गेली, निदर्शनं झाली, आणि ३० एप्रिल २०२० ला इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्या विक्रीला मंजुरी नाकारली. एकेकट्या संस्थेला वार्षिक दरातला फरक फार तर एका जेवणाइतका जाणवला असता, एवढ्यासाठी कोणी भांडलं नसतं. एकत्र मोजल्यावर तो फरक दिसला. देखभालीचंही गणित असंच आहे. एका संस्थेचे महिन्याचे सहा तास ही कुरकुर वाटते. दहा संस्थांचे साठ तास ही एक अर्धवेळ नोकरी होते.

ताईंनी शेजारच्या तीन संस्थांशी बोलणं सुरू केलं आहे. दोघी तयार आहेत, तिसरीचे अध्यक्ष 'विचार करतो' म्हणाले. तंत्रज्ञ कोणाच्या पटावर ठेवायचा यावर अजून एकमत नाही, आणि त्याचा पगार कोणत्या निधीतून दाखवायचा यावर तर मुळीच नाही.

मागच्या महिन्यात मी तिथे असताना फोन आला. कुठल्याशा कार्यालयात नवे प्रिंटर आले होते, जुने चार संस्थेला द्यायचे होते, शक्य तर याच आठवड्यात. ताईंनी आधी आभार मानले. मग पेन उघडून विचारलं, "कार्ट्रिज कोणतं लागतं त्यांना? आणि बाजारात अजून मिळतं ना?" पलीकडून बहुधा 'बघावं लागेल' असं काहीतरी आलं. "हो, बघून कळवा ना. किती पानं छापून झालीत तेही प्रिंटरवरच दिसतं, तेवढं टिपून घ्या. मग आम्ही सांगतो." फोन ठेवून त्या क्षणभर गप्प बसल्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फार तुटक बोलले का हो मी?"